मेनच्या किनाऱ्यावर शिडाची बोट चालवायची असेल तर

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे. तिथे जुलैत सेलिंगला निघायचं असेल तर वाऱ्याच्या वेगाआधी दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. मग समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या निरीक्षण-पिंपावरचं, म्हणजे बोयावरचं, पाण्याचं तापमान बघा. मेनच्या किनाऱ्यावरच्या पेनॉब्स्कॉट उपसागराच्या पश्चिम भागासाठी हा बोया ४४०३३ क्रमांकाचा आहे आणि त्याच्या नोंदी इंटरनेटवर सतत मिळतात. दवबिंदू पाण्याच्या तापमानापेक्षा वर असेल आणि वारा नैर्ऋत्येचा असेल, तर धुकं येणार असं धरूनच दिवस आखायचा. पाणी १३ अंश सेल्सिअस आणि दवबिंदू १७, अशा दिवशी नवख्याने बाहेरच्या बेटांकडे जाऊ नये. थंड हवेची आघाडी सरकून गेली, वारा वायव्येला फिरला आणि दवबिंदू ८-१० वर उतरला की मात्र दूरच्या बेटांवरची झाडंसुद्धा सुटी सुटी दिसतात. लांबचा पल्ला अशा दिवसासाठी राखून ठेवावा.

सह्याद्रीत हिवाळ्यात दरीत साचणारं धुकं जमीन रात्री गार पडल्याने होतं आणि ऊन चढलं की विरतं. मेनचं धुकं उन्हाळ्यातलं. दक्षिणेकडून येणारी दमट, उबदार हवा थंड पाण्यावरून वाहते, गार होते आणि तिच्यातली वाफ बाहेर पडते. हे धुकं वाऱ्याबरोबरच येत असल्यामुळे वारा सुटला म्हणून ते पांगेल या भरवशावर राहू नये. १५ नॉटच्या (ताशी सुमारे २८ किलोमीटर) नैर्ऋत्य वाऱ्यातही ते दाट राहू शकतं. पूर्वेकडे, फंडीच्या आखाताच्या दिशेने, ते वाढत जातं. त्याचं कारण भरती-ओहोटी. भरती-ओहोटीतला फरक पोर्टलंडला सरासरी पावणेतीन मीटर, बार हार्बरला सव्वातीन, तर पूर्व टोकाच्या ईस्टपोर्टला साडेपाच मीटर असतो. एवढं पाणी आत-बाहेर करताना तळाचं गार पाणी वर घुसळलं जातं. त्यामुळे भर उन्हाळ्यातही पूर्वेकडच्या कटलर गावाच्या बाजूला समुद्र जेमतेम १०-१२ अंशांवर असतो.

एक गोष्ट नकाशा समोर ठेवून समजून घ्यावी. बाहेरच्या समुद्रातलं मॅटिनिकस किंवा आयल ओ हो बेट गडप झालेलं असताना आत, मुख्य भूमीला लागून, स्वच्छ ऊन असू शकतं, कारण तापलेल्या जमिनीवरून जाताना धुकं विरतं. म्हणून पर्यायी बेत नेहमी आतल्या पाण्याचा ठेवावा. डीर आयल हे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली एगमॉगिन रीच ही अरुंद सामुद्रधुनी त्यासाठी फार चांगली जागा. ती वायव्य-आग्नेय पसरलेली आहे, त्यामुळे नैर्ऋत्य वारा जाताना आणि येताना दोन्ही वेळा बाजूने मिळतो. वाटेतल्या पुलाखाली ८५ फूट उंची आहे. नेहमीच्या क्रूझिंग बोटीची (मुक्कामाच्या प्रवासाच्या बोटीची) डोलकाठी त्याखालून सहज पार होते. माउंट डेझर्ट बेटात खोल शिरलेली सोम्स साउंड ही खाडी हा दुसरा पर्याय. सकाळी धुकं असेल तर नांगर उचलण्याची घाई करू नका. आतल्या भागात अकरा-बारापर्यंत बऱ्याचदा उघडतं, आणि वारा तसाही दुपारीच भरतो.

नवखे लोक धुक्याला घाबरतात, पण माणूस दगावतो तो थंड पाण्यात. मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सोपं करून सांगितलेलं सूत्र १-१०-१ असं आहे. गार पाण्यात पडल्यावर पहिला १ मिनिट श्वास आवरत नाही, धाप लागते आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यातच बुडायला होतं. पुढची सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पहिल्या मिनिटात तरंगत ठेवतं ते लाईफ जॅकेटच. ते कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, पाऊल टाकल्यापासून अंगावर हवं, कप्प्यात नको. एकट्याने डेकवर पुढे जाताना, रात्री आणि धुक्यात हार्नेसचा (अंगात घालायच्या पट्ट्यांचा) दोर बोटीला अडकवलेला हवा.

मधल्या १० मिनिटांचा अर्थ बोटीच्या तयारीतही उतरायला हवा. बोटीची शिडी पाण्यातल्या माणसाला खालून ओढून उघडता येते का, हे धक्क्यावर बांधलेली असतानाच तपासा. हाताची बोटं बधिर झाल्यावर दोरी पकडता येत नाही, म्हणून फेकायला काखेत अडकणारा पट्टा हवा आणि वर ओढायला पुलींतून ओवलेली दोरी तयार हवी. भिजलेला माणूस दोघांनाही हातांनी उचलवत नाही. कपड्यांत सुती काहीच नको, जीन्स तर अजिबात नको. लोकरीचा किंवा सिंथेटिक आतला थर, वर पाणी न शिरणारं जॅकेट-पँट, कानटोपी आणि हातमोजे ही जुलैची यादी आहे. धुक्यात पाऊस नसतानाही शिडावरून पाणी ठिबकतं आणि तासाभरात बाह्या ओल्या होतात. कुडकुडणारा माणूस नकाशा चुकीचा वाचतो, म्हणून सुकाणूवरची पाळी धुक्यात अर्ध्या तासाची ठेवावी.

धुक्याची भिंत येताना दिसते, आणि ती पोहोचण्याआधीची दहा मिनिटं मोलाची असतात. आधी जागा आणि वेळ चार्टवर (सागरी नकाशावर) नोंदवा. सगळ्यांची जॅकेटं, बोटीचे दिवे, हातात भोंगा, इतरांच्या रडारवर आपण दिसावं म्हणून वर रडार रिफ्लेक्टर, रेडिओ चॅनल १६ वर, इंजिन चालू होतं याची खात्री, हे सगळं त्यातच उरकायचं. एक जण नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर), इंजिनाच्या आवाजापासून दूर, फक्त कान देऊन उभा राहतो. मग वेग कमी करा. ५ नॉट वेगाने बोट ५० मीटर अंतर २० सेकंदांत कापते. समोरून १५ नॉटने लॉब्स्टर (शेवंड) पकडणाऱ्याची बोट येत असेल तर तेच ५० मीटर ५ सेकंदांत संपतात. दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा.

नियमांबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. शिडाच्या बोटीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची हा नियम दोन्ही बोटी एकमेकींना दिसत असतानाच लागू होतो. धुक्यात समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नियम १९ चालतो आणि त्यात कुणालाच अग्रहक्क नाही. समोरच्या बाजूने भोंगा ऐकू आला की बोट दिशेवर राहील इतपतच वेग ठेवायचा, गरज पडली तर थांबायचं. भोंग्याची भाषा पाठच हवी: इंजिनावर चालणारी बोट एक लांब आवाज देते, शिडावरची एक लांब आणि दोन आखूड, दोन्ही जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने. लांब म्हणजे ४ ते ६ सेकंद, आखूड म्हणजे साधारण १. तासाला किमान तीस वेळा वाजवायचं म्हटलं तर गॅसवर वाजणाऱ्या भोंग्याचा डबा पुरत नाही, म्हणून तोंडाने फुंकायचा भोंगा सोबत हवाच. धुक्यात आवाजाची दिशा फसवते. आवाज आहे एवढंच खरं धरा; तो कुठून आला हे रडार किंवा एआयएसवरून (बोटी आपली जागा रेडिओने कळवतात त्या यंत्रणेवरून) ठरवा. लॉब्स्टरवाल्यांच्या सगळ्याच बोटी भोंगा वाजवत नाहीत आणि सगळ्यांवर एआयएसही नसतं. त्या सापळे उचलत गोल फिरतात, त्यामुळे त्यांची दिशा दर मिनिटाला बदलते.

वाट दाखवणारे बोये ऐकायलाही शिकावं लागतं. घंटेचा बोया एकाच सुरात वाजतो, गाँगचा वेगवेगळ्या सुरांत, शिट्टीचा लाटेबरोबर हुंकारतो. लाट नसेल तर तिन्ही जवळपास मुके असतात. बऱ्याच दीपगृहांचे भोंगे आता आपोआप वाजत नाहीत. रेडिओ ८३ए या चॅनलवर नेऊन माईकचं बटण ओळीने पाच वेळा दाबलं की ते सुरू होतात. जीपीएसवर पुढचा टप्पा नेमका बोयावरच टेकवू नका. बाकीचेही तेच करतात आणि पोलादी बोयावर आदळल्याने बोट फुटते. दोनशे मीटर बाजूला टेकवा. खोली मोजणाऱ्या यंत्रावरही फार विसंबू नका: इथले ग्रॅनाइटचे खडक तळातून सरळ उभे राहतात, तीस मीटर पाण्यानंतर लगेच दगड लागू शकतो.

मुंबईत किंवा गोव्यात सेलिंग शिकून आलेल्यांनी दोन सवयी बदलायच्या. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत तो उजव्या हाताला ठेवतात. ही चूक थकलेल्या डोक्याने होते, म्हणून पहिले काही दिवस सुकाणूजवळ चिठ्ठी चिकटवून ठेवा. दुसरी गोष्ट होकायंत्राची. मुंबईजवळ चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळपास फरक नाही. मेनमध्ये तो १४ ते १६ अंश पश्चिम आहे, आणि तो विसरलात तर चार मैलांच्या टप्प्यात मैलभर चुकाल. प्रवाहाचंही गणित धरा. बोट ४ नॉटने चालली आहे आणि आडवा प्रवाह दीड नॉट आहे, तर बोट सुमारे २० अंश ढकलली जाते, आणि धुक्यात ते डोळ्यांना कळत नाही.

आता लॉब्स्टरच्या दोऱ्या. एका परवानाधारकाला ८०० पर्यंत सापळे टाकता येतात आणि प्रत्येक सापळ्यांच्या ओळीला रंगीत बोया असतो. काही खाड्यांत पाणी कमी आणि बोये जास्त दिसतात. खोल किंवा जोराच्या प्रवाहात मुख्य बोयाच्या आधी एक छोटा जोडबोया असतो आणि दोघांमधली दोरी पाण्याच्या पृष्ठभागालगत तरंगते. त्या दोघांमधून कधीही जायचं नाही. प्रवाह दोरीला ज्या बाजूला ताणतो त्या बाजूने, म्हणजे मुख्य बोयाच्या पलीकडून, जायचं. दोरी बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकली तर गिअर ताबडतोब न्यूट्रल. मागे घेतल्याने ती सहसा आणखी गुंडाळते. शिडं सैल सोडा, बोटहुकने दोरी खेचून ती सुटते का बघा. एवढ्या गार पाण्यात वेटसूटशिवाय उडी मारायची नाही. कापणं हा शेवटचा उपाय, कारण त्या दोरीखाली कुणाची तरी कमाई आहे. सापळ्यांशी खेळणं बेकायदाही आहे. सुकाणू मोकळं लटकणाऱ्या बोटींपेक्षा लांब कीलवर (तळाच्या कण्यावर) सुकाणू टेकलेल्या जुन्या बांधणीच्या बोटी इथे कमी अडकतात. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात शनिवारी दुपारी ४ नंतर आणि रविवारभर सापळे उचलायला बंदी असते, त्यामुळे गर्दीच्या खाडीतून नवख्याने पहिल्यांदा जायला रविवार उत्तम.

नांगराची दोरी ओहोटीच्या खोलीवर मोजू नका. ओहोटीला ४ मीटर पाणी, वर ३ मीटर भरती, नाळेची उंची १ मीटर, म्हणजे ८ मीटर. बहुतेक साखळी असेल तर पाचपट, म्हणजे ४० मीटर. बहुतेक दोरी असेल तर सातपट, ५६. तळ चिखलाचा असेल तर नांगर छान रुततो. खडकावर समुद्री शेवाळाची लांब पानं असतील तर तो धरल्यासारखा वाटतो आणि रात्री सुटतो, म्हणून इंजिन उलट चालवून ताण देऊन बघा.

शिकायचं कुठून? बॉस्टनजवळ राहणाऱ्यांसाठी चार्ल्स नदीवरची कम्युनिटी बोटिंग ही सर्वांना खुली संस्था १९४६ पासून आहे. शीड हाताळणं तिथे शिकता येतं, समुद्र नाही. त्यानंतर अमेरिकन सेलिंग असोसिएशनचे (एएसए) १०१, १०३ आणि १०४ हे अभ्यासक्रम क्रमाने केले की छोटी क्रूझिंग बोट भाड्याने घेण्याइतका पाया होतो, पण भाड्याने देणारे प्रमाणपत्रासोबत अनुभवाची यादीही मागतात. पहिल्या दिवसापुरता कॅप्टन सोबत घ्या. तो खर्च योग्य आहे. बोट चालवण्याआधी नुसती चव घ्यायची असेल तर कॅमडेन आणि रॉकलंडहून १८७१ मध्ये बांधलेल्या ‘लुईस आर. फ्रेंच’ आणि ‘स्टीफन टेबर’ या स्कूनर (दोन डोलकाठ्यांच्या जुन्या शिडाच्या बोटी) प्रवासी घेऊन काही दिवसांच्या फेऱ्या करतात. पाहुण्यांना शिडं चढवायला हात लावू देतात.

महिना निवडता येत असेल तर सप्टेंबर घ्या. पाणी वर्षातल्या सर्वांत उबदार टप्प्याजवळ असतं, हवा कोरडी होते आणि धुकं कमी. दिवस मात्र लहान होतात आणि चक्रीवादळांचे अवशेष वर येऊ शकतात, म्हणून पाच दिवसांचा अंदाज रोज बघा. कटलरच्या पलीकडे ग्रँड मनान दिसतं. ते कॅनडा आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे उतरायचं असेल तर व्हिसाचे नियम घरूनच तपासून निघा, आणि जाताना व परतताना दोन्ही देशांच्या सीमाशुल्क खात्याला कळवा.