अबोली आणि कोरांटी: पान आणि परागकणांवरून वनस्पतींचे नाते कसे ताडावे

अबोली आणि कोरांटी अनेक अंगणांत शेजारीशेजारी फुलतात आणि वनस्पतिशास्त्रात दोघीही अडुळशाच्या कुलात मोडतात. कारवी, तालीमखाना, ओले किराईत आणि खाजणातली मारांडी हीही त्याच कुलातली मंडळी आहेत. फूल हातात असेल तर यांना ओळखणे फारसे अवघड नाही. मात्र एवढ्या मोठ्या कुलात कोण कोणाच्या जवळचे, हे केवळ फुलाच्या रंगरूपावरून ठरवू गेल्यास फसगत होते, कारण परागण करणारे कीटक आणि पक्षी यांच्या सोयीनुसार फुलाचा आकार बदलत जातो. अशा वेळी पानाची अंतर्गत रचना आणि परागकणांची ठेवण हे दोन पुरावे उपयोगी पडतात. ते घरी किंवा महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत कसे मिळवावेत आणि मुख्य म्हणजे कसे वाचावेत, ते येथे सांगत आहे. पुढील मजकुरात 'जाती' म्हणजे एक विशिष्ट वनस्पती आणि 'प्रजाती' म्हणजे अशा जवळच्या जातींचा गट, असा शास्त्रीय मराठीतला अर्थ धरला आहे. वर्तमानपत्रांत हे शब्द बऱ्याचदा उलटसुलट वापरले जातात.

नमुना गोळा करताना फांदीचा एक तुकडा दाबून वाळवण्यासाठी ठेवावा आणि त्याला क्रमांक द्यावा. पाने फांदीच्या मधल्या भागातली, पूर्ण वाढलेली घ्यावीत. परागकणांसाठी उमललेले फूल नको, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी कळी घ्यावी. उमललेल्या फुलावर शेजारच्या झाडाचे पराग मधमाश्यांनी आणून टाकलेले असतात आणि स्लाइडवर ते ओळखू येत नाहीत.

या कुलात पानाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे सिस्टोलिथ. हा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचा, पेशीच्या आत वाढलेला खडा असतो. वाळलेल्या कोरांटीच्या पानावर साधे भिंग धरले तरी बारीक पांढुरक्या रेघा दिसतात, त्या याच. नीट पाहण्यासाठी पानाचा एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा पाच टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पारदर्शक होईपर्यंत ठेवावा, पाण्याने चांगला धुवावा आणि ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर घ्यावा. कोरांटीच्या प्रजातीत हे खडे बऱ्याच ठिकाणी जोडीने, लागून असलेल्या दोन पेशींत पाठीला पाठ लावल्यासारखे बसलेले दिसतात. अडुळशाच्या पानात ते एकेकटे आणि लांबट असतात. अबोलीच्या पानात कितीही शोधले तरी ते सापडत नाहीत, आणि मारांडीतही नाहीत. दिसलेला खडा खरोखर सिस्टोलिथ आहे का, याची खात्री करायची असेल तर नमुन्यावर झाकलेल्या पातळ आच्छादन काचेच्या कडेला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडावा: चुना असेल तर बुडबुडे निघून खडा विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक बुडबुडे न काढता विरघळतात.

येथे एक चूक मी स्वतः केली आहे. कोरांटीची पाने मी प्रयोगशाळेत तयार असलेल्या फॉर्मॅलिन, असिटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या नेहमीच्या मिश्रणात महिनाभर ठेवली आणि नंतर वहीत 'सिस्टोलिथ आढळले नाहीत' असे लिहूनही टाकले. मिश्रणातल्या असिटिक आम्लाने चुना केव्हाच खाऊन टाकला होता. पेशींच्या रिकाम्या पोकळ्या तेवढ्या उरल्या होत्या. तेव्हापासून या कुलातली पाने मी सत्तर टक्के अल्कोहोलमध्येच ठेवतो. पानावर पारदर्शक नेलपॉलिश लावून सोलून काढलेला ठसा पर्णरंध्रांसाठी, म्हणजे पानाच्या पृष्ठभागावरच्या हवेच्या सूक्ष्म छिद्रांसाठी, उत्तम असतो, पण तो फक्त पृष्ठभागाचा असतो, त्यामुळे सिस्टोलिथच्या अभावाचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

पर्णरंध्रे पाहताना या कुलात रंध्राला दोन साहाय्यक पेशींनी वेढलेले असते आणि त्यांच्यातली सामाईक भिंत रंध्राच्या लांबीला काटकोनात येते. ही खूण दिसताच नवखा विद्यार्थी हरखून जातो, पण तशीच रंध्रे तुळशीच्या कुलातही आहेत. म्हणून कुलाच्या आत प्रजाती वेगळ्या करायला तिचा उपयोग जवळजवळ नाही. रंध्रांची संख्याही सावलीत आणि उन्हात बदलते. मोजायचेच असेल तर रंध्रांच्या संख्येला रंध्रे आणि इतर बाह्यत्वचा पेशी यांच्या बेरजेने भागून शंभराने गुणावे. हा निर्देशांक नुसत्या संख्येपेक्षा स्थिर राहतो.

परागकणांसाठी सर्वांत सोपी पद्धत अशी: कळीतले परागकोश काचपट्टीवर सुईने फोडावेत, वर अल्कोहोलचा एक थेंब टाकावा, थेंब वाळताना बाहेर सरकलेले तेलकट वलय कापसाने पुसून घ्यावे आणि मधल्या परागांवर सॅफ्रनिन हा लाल रंग मिसळलेल्या ग्लिसरीन जेलीचा बारीक तुकडा ठेवून काचपट्टी किंचित गरम करावी. कणाच्या भिंतीचे कोरीवकाम याहून स्पष्ट हवे असल्यास अ‍ॅसिटोलिसिस करतात, म्हणजे नऊ भाग असिटिक अनहायड्राइड आणि एक भाग तीव्र गंधकाम्ल यांच्या मिश्रणात कण तापवून आतला जीवद्रव्याचा भाग नष्ट करतात. हे मिश्रण पाण्याशी जोराने प्रतिक्रिया देते, त्यामुळे कण आधी ग्लेशियल (पाणीविरहित) असिटिक आम्लाने धुवावे लागतात आणि सारे काम धूरकक्षात, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कपाटात, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे लागते. शिवाय असिटिक अनहायड्राइड आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित रसायन आहे. घरी हा खटाटोप करू नये.

कण दिसू लागले की आधी छिद्रे आणि खाचा मोजाव्यात, मग पृष्ठभाग पाहावा. अबोलीचा कण लांबट असून त्यावर तीन उभ्या खाचा असतात. कोरांटीचा कण मोठा आणि गोल असून त्याचा पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा ठळक जाळीचा असतो. एकदा पाहिला की विसरत नाही. अडुळशाच्या प्रजातीत छिद्रांच्या दोन्ही बाजूंना बेटांसारख्या उंचवट्यांच्या ओळी दिसतात. बागेतल्या थुनबर्जियाच्या कणाभोवती तर खाच सर्पिलाकार फिरते, आणि त्याच्या पानातही सिस्टोलिथ नसतात. मोजमापासाठी नेत्रपट्टिका (सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतली मोजपट्टी) आधी मंचपट्टिकेवर (काचपट्टीवर कोरलेली ठरावीक मापाची पट्टी) जुळवून घ्यावी: नेत्रपट्टिकेचे ४० भाग मंचपट्टिकेच्या १०० मायक्रॉन लांबीवर बसले, तर एक भाग २.५ मायक्रॉनचा. किमान पंचवीस कणांची लांबी आणि रुंदी घ्यावी. ग्लिसरीन जेलीत कण काळाबरोबर फुगतात, म्हणून जुन्या स्लाइडवरची मापे आणि आज केलेल्या स्लाइडवरची मापे एकाच तक्त्यात मांडू नयेत.

आता खरा प्रश्न: कोणती खूण कोणत्या पातळीवर ग्राह्य धरायची? याचे उत्तर गटागणिक बदलते. गुस्टाव लिंडाऊ या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये या कुलाच्या वर्गीकरणात परागकणांना मोठे स्थान दिले आणि कुलाच्या पातळीवर त्याचा बराच फायदा झाला. परंतु कारवीच्या प्रजातीत, म्हणजे स्ट्रोबिलँथिसमध्ये, काही जातींचे कण उभ्या बरगड्यांचे तर काहींचे काटेरी गोल असतात. १९४४ मध्ये ब्रेमेकाम्प या वनस्पतिशास्त्रज्ञांनी परागकणांसह इतर लक्षणांच्या आधारे या एका प्रजातीचे अनेक तुकडे केले आणि आपली कारवी 'कार्व्हिया' या वेगळ्या प्रजातीत गेली. पुढच्या अभ्यासकांनी ती फाळणी मान्य केली नाही आणि आज कारवी पुन्हा स्ट्रोबिलँथिसच आहे. उलट कोरांटीच्या प्रजातीत परागकण इतके सारखे आहेत की पिवळी काटेकोरांटी आणि पांढरी-जांभळी कोरांटी त्यांवरून वेगळी करणे मला कधी जमलेले नाही.

म्हणून ओळखकुंजी, म्हणजे एकेक खूण तपासत वनस्पती ओळखण्याचा पायऱ्यांचा तक्ता, लिहिताना पहिली पायरी सिस्टोलिथ आहेत की नाहीत अशी ठेवावी. नाहीत, तर सर्पिल खाच आणि तीन उभ्या खाचा यांवरून थुनबर्जिया आणि अबोली-मारांडीचा गट वेगळा काढावा. आहेत, तर परागकणावरची जाळी, बेटे आणि बरगड्या पाहाव्यात. कोरांटीपर्यंत पोचल्यावर सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून पानांच्या बेचक्यातले काटे आणि फुलाच्या बाहेरच्या दोन संदलांच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या) दातेरी कडा पाहाव्यात, आणि प्रत्येक स्लाइडवर वाळवलेल्या फांदीचाच क्रमांक लिहावा.