पान पिवळं पडलं? आधी कुठलं पडलं ते बघा

पान पिवळं दिसलं की हात थेट खताच्या डब्याकडे जातो. कुंडीतल्या झाडाच्या बाबतीत खताची कमतरता हे कारण बरंच मागच्या नंबरावरचं असतं. पाणी, मुळं आणि ऊन यांचा नंबर आधी लागतो. त्यामुळे काहीही घालण्याआधी तीन गोष्टी तपासा: कुठलं पान बिघडलंय, माती किती ओली आहे आणि ऋतू कोणता चालू आहे.

पानापासून सुरुवात करू. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते खालच्या जून पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं. म्हणून त्यांची कमतरता आधी खाली दिसते. जून पान शिरांसकट सारखंच फिकट पडलं तर नत्र कमी. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. कडा तपकिरी होऊन करपल्या तर पालाशाची शंका घ्यावी, पण क्षार साचल्यानेही कडा अशाच करपतात. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर असेल तर खत बंद करा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधं पाणी सावकाश ओतून खालून वाहून जाऊ द्या.

लोह आणि कॅल्शियम मात्र पानात एकदा बसले की तिथून हलत नाहीत. त्यांचा तुटवडा शेंड्यावर दिसतो. कोवळं पान पिवळं-पांढुरकं आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, ही लोहाची खूण. मातीत लोह सहसा असतंच. मातीचा सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला किंवा माती सतत चिंब राहिली की मुळांना ते उचलता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारलं तर तात्पुरतं भागतं, पण निचरा सुधारल्याशिवाय पुढची पालवी पुन्हा तशीच येणार. टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तोही कॅल्शियमचाच प्रश्न. तिथे बहुतेक वेळा खत कमी नसतं, पाणी अनियमित असतं.

आणि हो, अगदी खालचं एखादं पान अधूनमधून पिवळं होऊन गळतं. ते वयानं गळतं, त्यावर उपचार नको.

आता पाणी. बोट दोन पेरं, म्हणजे साधारण 5 सेंमी, मातीत खुपसा. आत गारवा लागतोय पण चिखल चिकटत नाही, हा वाफसा. अशा वेळी पाणी द्यायचं नाही. दुपारी माना टाकलेलं झाड संध्याकाळी सावरलं तर चिंता नको. सकाळीच मलूल असेल आणि माती कोरडी असेल तर पाणी हवंय. सकाळीच मलूल आणि माती ओली, तर मुळं सडत असण्याची शक्यता मोठी. इथे आणखी पाणी घालणं म्हणजे झाड मारणं.

खात्री करायला झाड कुंडीतून अलगद काढा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. सडलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. कुजका वासही येतो. मग असं करा:

1. माती झाडून मुळं धुवा. मऊ पडलेली सगळी मुळं स्वच्छ कात्रीने टणक भागापर्यंत कापा.
2. मुळं जेवढी गेली त्या प्रमाणात वरचा पाला कमी करा, पण एक तृतीयांशाहून जास्त नको.
3. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच कुंडी घ्या. मोठ्या कुंडीत जादा माती ओली राहते आणि सड परत येते.
4. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे) असं मिश्रण भरा. एकदा पाणी देऊन सावलीत ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही.

ऋतू बदलला की संशयितही बदलतो. पावसाळ्यात कुंडीखालच्या बशा काढून टाका, मातीला टेकणारी पानं छाटा, कुंड्यांमध्ये वारा खेळेल इतकं अंतर ठेवा. बाहेर रिमझिम असली तरी दाट पाल्याखालची माती कोरडी असू शकते, तेव्हा बोटाची परीक्षा पावसातही चुकवू नका. जोरदार पावसात नत्र वाहून जातं. एकदम भरपूर खत देण्यापेक्षा 10 इंची कुंडीला महिन्याला मूठभर गांडूळखत पुरे.

थंडीत वाढ मंदावते, पाण्याच्या पाळ्या लांबवा. कोरडे दिवस आणि दमट रात्री भुरीला, म्हणजे पानावर पांढरी पावडर धरणाऱ्या बुरशीला, मानवतात. तिला पान ओलं असावंही लागत नाही. सुरुवातीची पांढरी पानं तोडा. पसरली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारा, मात्र कडक उन्हात नाही, आणि तेलाच्या फवारणीच्या आधी-नंतर दोन आठवडे तर नाहीच, पानं भाजतात.

उन्हाळ्यात पानावर बारीक फिकट ठिपके दिसले तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले की लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आहे. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारा. याच दिवसांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सुकून कुंडीच्या भिंतीपासून सुटतं. पाणी कडेने वाहून जातं आणि मुळांचा गड्डा आत कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा.

खोडावर मुंग्यांची रांग लागली की मावा किंवा पिठ्या ढेकूण (रस शोषून गोड चिकटा सोडणाऱ्या किडी) शोधा, शेंड्यात आणि पानाच्या बेचक्यात. निंबोळी तेल 5 मिली आणि द्रव साबण 1 मिली आधी एकत्र घोटून मग लिटरभर कोमट पाण्यात मिसळा, एका पानावर मारून दिवसभर वाट पाहा, मगच संध्याकाळी सगळीकडे. दर 7 दिवसांनी, तीनदा.

उपाय एका वेळी एकच करा, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही. परिणाम नव्या पानांवर बघा. करपलेलं जुनं पान परत हिरवं होत नाही. शेंडा चुरडलेला, पानं आखडून जाड झालेली आणि वर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी असेल तर तो बहुधा विषाणू, आणि त्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बंद करून टाका, आसपासच्या झाडांवर पांढरी माशी आणि मावा तपासा, आणि हात नि कात्री साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.