साथ येण्याआधी, रस्त्यावरच्या पोरांसोबत

साथीच्या तयारीची यादी कार्यालयात बसून करायची नाही. दादर-कुर्ल्याच्या फलाटांवरच्या, सिग्नलवरच्या पोरांच्या हाती खडू द्या आणि त्यांचा इलाखा जमिनीवरच काढायला सांगा. झोपतात कुठे, पाणी कुठलं, पैसे कोणता टपरीवाला सांभाळतो, हाकलतं कोण. मार्च 2020 मध्ये लोकल थांबली, 25 तारखेपासून देश बंद झाला आणि गजऱ्याचा धंदा, भंगार, हॉटेलातलं उरलंसुरलं, स्टेशनचा नळ सगळं एका फटक्यात गेलं. म्हणून खडूच्या प्रत्येक खुणेपुढे ‘हे बंद पडलं तर काय?’ याचं उत्तर हवं, आणि तेही पोरांनीच सुचवलेलं.

बैठक रात्री, धंदा उरकल्यावर घ्या. सकाळी अकराला कोण येणार? मुलींची वेगळी. मुलांचं म्हणणं ऐकलं जावं, असं सांगणारा बालहक्कांचा करार भारताने 1992 मध्येच मान्य केलाय. तेव्हा पोरांनी मांडलेली सूचना जमणार नसेल, तर का नाही हे त्यांना तोंडावर सांगायचं.

हात धुवा म्हणण्याआधी नळ शोधा. पैसे न घेता दिवसातून दहादा हात धुऊ द्याल का, हे सार्वजनिक शौचालयवाल्याशी आजच बोलून ठेवा. साबणाची वडी वाटू नका. ओली वडी चड्डीच्या खिशात ठेवली की संध्याकाळपर्यंत तिचा लगदा होतो. नळाशीच पातळ साबणाची बाटली टांगा. सरकारी शिवभोजन केंद्रावरची थाळी टाळेबंदीत दहाची पाच रुपये झाली होती. पण अशा केंद्राच्या दारात आपल्या पोरांना उभं करतात का, ते त्यांनाच विचारा.

सगळ्यात अवघड गोष्ट भीतीची. ताप आला की ‘होम’मध्ये, म्हणजे बालगृहात, टाकतील म्हणून पोरं दुखणं लपवतात. कुठल्या दवाखान्यात नेणार, सोबत कोणती ताई थांबणार, परत कधी आणणार, हे आधीच सांगा आणि पाळा. नशेसाठी सोल्युशन (पंक्चर चिकटवायचा द्रव) हुंगणाऱ्याला दुकानं बंद झाल्यावर त्रास होणारच. त्याला एकट्याला खोलीत कोंडू नका, समुपदेशक गाठून ठेवा. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर पाठ करून घ्या, आणि रात्री फोन कोण लावू देईल तेही ठरवा.

वाटपाला मोठी पोरंच घ्या, मास्क देऊन. आजाऱ्याजवळ मुळीच पाठवू नका. फोटोसाठी येणाऱ्या दात्यांना रांगेपासून लांब ठेवा.