रेकॉर्ड, सीडी आणि स्ट्रीमिंग: विक्रीची एकत्र बेरीज कशी करायची

अमेरिकेत अल्बमला गोल्ड किंवा प्लॅटिनम ठरवणारी संस्था म्हणजे आरआयएए. तिची मोजणी समजली की जुन्या-नव्या अल्बमची तुलना करता येते.

आधी एकक पक्के करा. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी किंवा पूर्ण अल्बमचे डाउनलोड: १ प्रत म्हणजे १ एकक. सुटी गाणी असतील तर १० डाउनलोडचे १ एकक. स्ट्रीमिंगला फेब्रुवारी २०१६ पासून १,५०० स्ट्रीमचे १ एकक धरतात.

समजा २,००,००० सीडी, ५,००,००० सुटी डाउनलोड आणि ४५ कोटी स्ट्रीम आहेत. २,००,००० + ५०,००० + ३,००,००० = ५,५०,०००. गोल्डची हद्द ५ लाख, प्लॅटिनमची १० लाख. म्हणजे हा अल्बम गोल्ड.

चूक बहुतेकदा इथेच होते: एकाच गाण्याचे स्ट्रीम सिंगलच्या (म्हणजे सुट्या गाण्याच्या) आणि अल्बमच्या, दोन्ही खात्यांत येतात. सिंगलच्या १ एककाला तर १५० स्ट्रीमच पुरतात. म्हणून ही दोन खाती एकमेकांत कधीही मिळवू नका.

प्रमाणपत्र कंपनीने अर्ज केल्यावरच मिळते, त्यामुळे जुन्या अल्बमचा आकडा वर्षानुवर्षे गोठलेला असू शकतो. शिवाय सीडी-रेकॉर्डच्या बाबतीत दुकानांकडे पाठवलेल्या प्रतींतून परत आलेल्या वजा करतात. गल्ल्यावरची प्रत्यक्ष विक्री ती नव्हे.

नग आणि पैसे यांचे रकाने वेगळे ठेवा. अमेरिकेत रेकॉर्डने सीडीला उत्पन्नात २०२० मध्ये गाठले, नगांत २०२२ मध्ये. रेकॉर्ड महाग असते, एवढेच कारण.