वडाच्या बोन्सायमध्ये तार रुतली, तेव्हा मी काय केलं

गच्चीच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं वडाचं रोप काढून कुंडीत लावलं होतं, दोन वर्षांनी मे महिन्यात हवा तसा आकार देण्यासाठी फांद्यांना अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळली आणि विसरलो, कारण पाऊस सुरू झाला की आपण कशाला पाणी घालायला गच्चीवर जातोय! ऑगस्टमध्ये बघतो तर तार सालीत पार रुतलेली. वड पावसाळ्यात भराभर जाड होतो, हे डोक्यातच आलं नाही.

आधी उलटी फिरवून काढायला गेलो तर साल सोलली, पांढरा चीक वाहायला लागला. मग कटरने प्रत्येक वेढ्यावर एक कट मारून तुकडे सुटे केले. दोन-तीन तुकडे खोल होते, ते आत तसेच राहू दिले. वण अजून दिसतात, पण वडाला शोभतात म्हणा.

आता तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घेतो, वेढे ४५ अंशात, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बघतो. कुंडीत बागेतली चिकट मातीही होती, ती पुढच्या उन्हाळ्यात बदलून विटांचा बारीक चुरा, जाड वाळू आणि थोडं शेणखत घातलं, पाणी आता साचत नाही.