मिशनवर जायचंय? तयारी ठाण्यातच सुरू करा

मिशनचा कॉल, म्हणजे आपल्या चर्चकडून घर सोडून धर्मप्रचाराच्या सेवेला जायचं बोलावणं, आलं की सगळे आधी बॅग बघायला लागतात, केवढी घ्यायची, चाकं कशी पाहिजेत, आणि आई चिवड्याचे डबे मोजायला लागते. माझंही तसंच झालेलं. दोन वर्षं साऊथला काढून कळव्याला परत आलो तेव्हा बॅगेतलं निम्मं सामान न वापरलेलं निघालं, आणि जे खरंच लागलं ते घरीच फुकटात शिकून घेता आलं असतं. म्हणून हे, ठाणे-नवी मुंबईकडच्या आपल्या पोरापोरींसाठी. मुलांचं मिशन २४ महिन्यांचं, मुलींचं १८, तेवढ्यासाठी दोन-तीन महिने तयारी काही जास्त नाही.

आधी चर्चचं नाव. लोक आपल्याला मॉर्मन म्हणतात, पण २०१८ पासून चर्च सांगतं की पूर्ण नाव वापरा, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. हे एका दमात बोलायची सवय करा, नाहीतर लोकलमध्ये कोणी बॅज बघून विचारलं तर आपलं सांगून होईस्तोवर कळव्याचं मुंब्रा येतं.

मिशनवर उठायचं साडेसहाला, झोपायचं साडेदहाला. उठायचं आपल्याला काही विशेष नाही, इथे अर्धं ठाणे त्याच्या आधी स्टेशनला असतं. अवघड आहे ते रात्री साडेदहाला फोन ठेवणं. ते आत्तापासून करा. सकाळी अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ-नाश्ता, मग धर्मग्रंथांचा अभ्यास. अभ्यासाचं मी आधी चुकीचंच करत होतो, रोज दहा पानं वाचायचो म्हणजे उरकायचो, आणि दुपारी कोणी विचारलं तर काय वाचलं ते आठवायचं नाही. मग एकाच पानावर थांबायला लागलो, त्यातला एक प्रश्न वहीत लिहायचा, दिवसभर तो डोक्यात ठेवून फिरायचं आणि रात्री उत्तर मिळालं तर त्याच्यासमोर लिहायचं. नाही मिळालं तर जागा रिकामी. माझ्या वहीत बऱ्याच जागा अजून रिकाम्या आहेत आणि मला त्याचं आता टेन्शन येत नाही.

आता चहा. हा खरा पेपर आहे. १८३३ पासूनचा आपला आरोग्याचा नियम, वर्ड ऑफ विस्डम, त्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू बंद. दारू-तंबाखूला नाही म्हटलं की लोक कौतुक करतात, चहाला नाही म्हटलं की रागावतात. जायच्या आधी समोरच्या काकूंकडे गेलो होतो, त्यांनी आलं ठेचून मस्त चहा टाकलेला, बशीत खारी ठेवलेली, आणि मी दारातूनच म्हटलं नको काकू, आम्हाला चालत नाही. त्यांचा चेहराच पडला. मला नंतर कळलं की त्यांनी "आम्हाला चालत नाही" याचा अर्थ तुमच्या घरचं चालत नाही असा घेतला, आणि आपल्याकडे या वाक्याला किती जुना काटा आहे ते सांगायला नको. तर हे वाक्य कधीच वापरू नका. आधी घरात बसा, पाणी मागून प्या, खारी मागून खा, आणि मग सांगा की चहा सोडलाय, नवसाचं असतं ना तसं समजा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हेच केलं तर काकू म्हणाल्या, "असं होय! आमच्या ह्यांनी पण वारीला जाताना तंबाखू सोडली होती," आणि ताक घेऊन आल्या. नुसता गवती चहा उकळून दिला तर चालतो, फक्त चहापत्ती नको.

उपासाचंही तसंच. महिन्याचा पहिला रविवार, दोन वेळचं जेवण नाही आणि पाणीही नाही, म्हणजे निर्जळीच, साबुदाणा-वरी-रताळं विसरा. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. शनिवारी रात्री जेवून सुरू केलं तर रविवारी रात्री सुटतो. सुरू करतानाच एक ठरवून प्रार्थना करा की हा कशासाठी, नाहीतर दुपारी तीनला फक्त डोकं दुखतं. आणि प्रार्थना मराठीत करा, पाठ केलेली नाही, आईशी बोलतो तशी. मी चर्चमध्ये ऐकून ऐकून इंग्लिशमध्येच करायचो, मराठीत पहिल्यांदा केली तेव्हा दोन वाक्यांत संपली कारण इंग्लिशमधले मोठे मोठे शब्द गेल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं.

कंपॅनियन, म्हणजे मिशनवर नेमून दिलेला जोडीदार, हा सगळ्यात मोठा विषय. बाथरूम सोडलं तर दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं, आणि तो तुम्ही निवडायचा नसतो. एकुलते एक असाल तर महिनाभर एखाद्या चुलत-मावस भावाबरोबर एका खोलीत राहून बघा. माझा दुसरा कंपॅनियन राजमुंद्रीकडचा, तिन्ही वेळेला भात, आणि कुकर घासायचा नाही, त्यात पाणी घालून ठेवायचा. चार दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. पण रात्री शेजारी शेजारी गुडघ्यावर बसून मोठ्याने प्रार्थना करायचीच असते, तर मी देवाला सांगतोय आमच्यात प्रेम राहू दे आणि डोळ्यांसमोर कुकर. पाचव्या दिवशी तोंडातून ते वाक्य निघेचना. मधेच थांबलो, उठलो, कुकर घासून आलो. आठवड्यातून एकदा दोघांनी बसून मोकळं बोलायचं असतं, तेव्हा तो म्हणाला की तू फोनवर मराठीत हसतोस तेव्हा वाटतं माझ्यावरच हसतोयस. मला पत्ताच नव्हता. तर ते बोलणं टाळू नका, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीने करा.

आठवड्यातला एक दिवस कपडे, बाजार, केस कापणं आणि घरी फोन यासाठी. २०१९ पासून दर आठवड्याला फोन चालतो. पहिल्या महिन्यात आई रडते, मग आपण रडतो, चौथ्या महिन्यात आई म्हणते लवकर बोल, पाहुणे आलेत.

जायच्या आधी इथल्या एल्डर्सबरोबर, म्हणजे इथे मिशनवर असलेल्या मुलांबरोबर, एक-दोन संध्याकाळी फिरा. मी गेलो होतो कोपरखैरण्याला, ज्यांनी सातला बोलावलेलं त्यांच्या दाराला कुलूप आणि फोन बंद. वॉचमन काकांच्या बाकावर पाऊण तास बसलो. एल्डरला विचारलं राग नाही येत का, तर म्हणाला येतो, म्हणून मी रागात लगेच पुढच्या घरी जात नाही, आधी वडापाव खातो. बाकी बोलावलं तरच जायचं, कोणाच्या देव्हाऱ्याबद्दल बोलायचं नाही, आणि पैशाचं किंवा नोकरीचं तर चुकूनही नाव काढायचं नाही.

कागदपत्रांत मेडिकल आणि दातांची तपासणी दोन्ही लागतात, दात शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पासपोर्ट काढून ठेवा, कॉल कुठला येईल ते आपल्या हातात नसतं. काळे बूट दोन जोड घ्या, जाड सोलचे, आणि एक जोड आत्ताच पावसात घालून स्टेशनपर्यंत चालून बघा. भिजले तर रात्री आत वर्तमानपत्र कोंबून फॅनखाली ठेवायचे, उन्हात नाही, तडकतात.