भाडं होल्ड केलंय, तिकीट काढलेलं नाही: या चुका टाळा

माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. एका वर्षी गणपतीला यायचं त्याने जूनमध्येच पक्कं केलं. चिपळूणच्या एका एजंटाने कुवेत-मुंबई जाण्यायेण्याचं भाडं काढलं, नाव घातलं आणि सहा अक्षरांचा पीएनआर व्हॉट्सॲपवर पाठवला. भावाचा लगेच मेसेज आला, "दादा, तिकीट झालं, आईला सांग." मी सांगितलं, आईने वाडीभर सांगितलं. भावाचा पगार तीन दिवसांनी व्हायचा होता, तेव्हा पैसे भरू असं ठरलं. पगार झाला, मी पैसे घेऊन गेलो, तर बुकिंग आदल्या रात्रीच रद्द झालेलं आणि त्या भाड्याच्या जागा संपलेल्या. आरतीला भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. आईचा तो चेहरा अजून आठवतो, म्हणून हे लिहितोय. आखातात घरचं माणूस असलेल्या खेड, दापोली, मंडणगड, रत्नागिरीच्या कुठल्याही घरात हे होऊ शकतं.

पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे

सगळ्यात मोठी चूक हीच. एजंट जेव्हा पैसे न घेता बुकिंग धरून (होल्ड करून) ठेवतो, तेव्हा विमान कंपनीच्या यंत्रणेत तुमच्या नावाची फक्त नोंद होते. तिला पैसे भरून तिकीट काढायची शेवटची वेळ जोडलेली असते. ती टळली की नोंद आपोआप रद्द होते, कुणी फोन करून विचारत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अशा नोंदीवर दिसणारं भाडं तिकीट निघेपर्यंत पक्कं नसतं. जागा धरलेली राहते आणि भाडं मात्र वाढतं, असंही होतं.

ओळखायचं कसं? खऱ्या ई-तिकिटावर 13 आकडी नंबर असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, एअर इंडियाचे 098. एअर इंडियासारख्या मोठ्या कंपनीच्या तिकिटावर हा नंबर नसेल, तर तिकीट नाही. एजंटाला सरळ विचारा: "तिकीट नंबर पाठवा. नसेल तर शेवटची वेळ किती, आणि भाडं तोवर पक्कं आहे का?" विचारायला संकोच करू नका, चांगला एजंट रागावत नाही.

काही कंपन्या थोडी फी घेऊन भाडं खरोखर पक्कं धरून देतात. एअर इंडियाने 2024 मध्ये 48 तासांची अशी सोय आणली. इथे माणसं दोन गोष्टी वाचत नाहीत. फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, आणि प्रवास अगदी जवळ आलेला असेल तर ही सोय मिळतच नाही. गणपतीच्या आठवड्यात जागं होऊन होल्ड शोधण्यात अर्थ नसतो. धरताना कुठल्या प्रकारचं भाडं धरताय तेही बघा. सामानाशिवायचं स्वस्त भाडं धरलं आणि परतताना दोन बॅगा निघाल्या, तर वाचलेले पैसे तिथेच जातात.

घड्याळ कुणाचं?

शेवटची वेळ कुठल्या देशाची, हे विचारल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. कुवेत, कतार आणि सौदी आपल्या अडीच तास मागे, दुबई दीड तास मागे. एजंटाच्या कागदावर वेळेपुढे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) किंवा त्याच अर्थाचं झेड हे अक्षर असेल, तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे 14 तारखेचे 18:30 झेड असतील, तर आपल्याकडे 14 तारीख संपून रात्रीचे बारा वाजलेले असतात. "उद्या सकाळी भरू" म्हणणारा तिथेच फसतो. मी आता शेवटच्या वेळेच्या निदान सहा तास आधी पैसे भरून मोकळा होतो.

दोन एजंटांकडे एकच माणूस

भाव ताडून बघायला चिपळुणात एक आणि मुंबईत चुलत्यांच्या ओळखीचा एक, अशा दोघांकडे एकाच नावाचं, एकाच विमानाचं बुकिंग करू नका. कंपनीच्या यंत्रणेला दुहेरी नोंद दिसते आणि एक, कधी दोन्ही, रद्द होतात. भाव दोघांना विचारा, नोंद एकाकडेच करा. आणि नाव पासपोर्ट समोर ठेवून, अक्षरन् अक्षर तसंच द्या. होल्डमधलं नाव नंतर दुरुस्त करायला गेलं की बऱ्याचदा नवी नोंद करावी लागते, आणि नव्या नोंदीला त्या दिवसाचं भाडं.

होल्डऐवजी दुसरी वाट

रजा जवळपास मंजूर असेल, तर मला तिकीट काढून टाकणं जास्त बरं वाटतं. भारतीय कंपनीच्या साईटवरून थेट काढलेलं तिकीट ठरावीक वेळेत रद्द केलं, तर रद्द करण्याचं शुल्क लागत नाही. ही मुदत अनेक वर्षं 24 तासांची होती, आणि प्रवास निदान 7 दिवस पुढे असावा लागे. नोव्हेंबर 2025 मध्ये डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) ती 48 तास करण्याचा मसुदा मांडला. त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी चालू नियम वाचूनच पैसे भरा.

मुंबईहून गावी यायला रेल्वेचं आरक्षण मिळतंय का बघू, तोवर विमान धरून ठेवू, हा हिशोब मात्र जमत नाही. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि होल्ड फार तर दोन-तीन दिवसांचा.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या मंडळींनी विमानतळाचा कोड नीट बघावा: जीओएक्स म्हणजे गोव्यातलं मोपा, जीओआय म्हणजे गोव्यातलंच दाबोळी, एसडीडब्ल्यू म्हणजे सिंधुदुर्गातलं चिपी.

पैसे गेले, तिकीट आलं नाही

शेवटच्या तासात हेच होतं. परदेशी कंपनीच्या साईटवर दिनारमध्ये पैसे भरायचे असतील, तर कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी चालू करून घ्या. 2020 पासून नव्या कार्डांवर तो बंदच येतो. ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन रेंजमध्ये हवा. पैसे खात्यातून गेले आणि तिकीट नंबर आला नाही, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी कंपनीला फोन करून पैसे पोचले का विचारा आणि होल्डची मुदत वाढवून मागा, पुष्कळदा मिळते. भारतातल्या भारतात केलेला व्यवहार फसलेला निघाला, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे ऑनलाइन कार्ड आणि यूपीआयने दुकानदाराला केलेल्या पेमेंटचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. व्यवहाराचा नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, तक्रार करताना बँक तोच आधी मागते.